लस घेऊ, पण विचारून घेऊ

(होळीनंतरच्या पाडा-बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच छापलं आहे.)



आज प्लॉटच्या दाव्यांचं बोलायला जमलो, ते बोलूच. आधी पोरांचं बोलते.

दोन सालांमागे होळीला माणसं वीटभट्टीवरून परतली, त्यांच्याबरोबर गोवर आला. माझ्या शेजारची दोन पोरं गेली. त्याआधी दिवाळीच्या तोंडाला नर्सबाई आली होती. तिला बघून बाया पोरं घेऊन रानात पळाल्या. पळणाऱ्यांत मी पण होते. ते मनातून जात नाय, म्हणून उभी राहिले.

साहेब म्हणतात, आदिवासी अडाणी, म्हणून पळतात. पण आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीसाठी माणसं गाडीत घालून नेली. गाडीचा आवाज आला की रान गाठायचं, ही सवय तिथली. जंगलखात्याने कागदावर अंगठे घेतले, ते कशाचे कोणी सांगितलं नाय. मग सुई कशाची ते कोण सांगणार? आपला संशय उगाच नव्हता.

पण गोवर काय सरकारचा माणूस नाय. तो खोकल्यातून, श्वासातून एका पोराकडून दुसऱ्याकडे जातो. पुरळ उतरतं, पण मागाहून न्यूमोनिया धरतो, हगवण लागते, कोणाचे डोळे जातात. आधीच उपाशी असलेलं पोर त्यातून लवकर उठत नाय.

आपले म्हातारे बघा. कोणाकोणाच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. विशीच्या पोरांच्या तोंडावर आहेत का? देवीची लस घरोघर टोचली, आणि १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोग राहिला नाय. गावदेवीला नारळ द्या, भगताला बोलवा, आणि लस पण द्या. त्यांचं आपसात भांडण नाय.

यंदा दिवाळीआधी आमच्या पाड्याने असं केलं. पहिली बैठक घेतली. सुईण आणि भगत पुढे बसले. नर्सबाईंना निरोप धाडला : तुम्ही या, गाडी नको, गार्ड नको. त्यांनी बर्फाची पेटी उघडून दाखवली. एका बाईने विचारलं, "यानं पोरीला पुढं मूल व्हायचं बंद होतं का?" नर्सबाई हसल्या नाहीत. नाही होत, म्हणून नीट समजावलं. मग सुईणीने आपला नातू पहिला पुढे केला. पुढे ज्या घरी ताप आला, तिथे आम्ही दोघी रात्रभर बसलो.

तापाचं आधीच सांगते. गोवरची लस नऊ महिने भरले की देतात, पैसे लागत नाहीत. टोचल्यावर आठवड्याभराने कोणाकोणाला ताप येतो, कधी थोडं पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. हे आधी सांगत नाहीत, म्हणून अफवा उठते.

आता आपण काय करायचं?

१) तारीख पाड्याने ठरवायची. दिवाळीनंतर पाडे रिकामे, म्हणून दिवाळीआधी आणि होळीनंतर. भट्टीवर नऊ महिने भरले तर तिथल्या सरकारी दवाखान्यात लस मागा.

२) विचारा : पेटीत बर्फ आहे का? प्रत्येक पोराला वेगळी, नवी सुई आहे का? बाटली कधी कालवली? कालवलेली लस चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. हे बघायला डॉक्टर व्हावं लागत नाय.

३) लसीचं कार्ड दंडाच्या पावतीसारखं जपा.

४) लस नाय तर रेशन नाय, खावटी नाय, असं कोणी म्हणालं तर संघटनेला कळवा. धाकाने दिलेली सुई आपल्याला पुन्हा रानात पळवील.

जमीन कोणासाठी मागतो? पोरांसाठी. पोरंच राहिली नाहीत तर सातबारा कोणाच्या नावावर करायचा?

पाड्यावर जाऊन आजच मोजा, नऊ महिन्यांवरची किती पोरं राहिलीत. पुढच्या बैठकीला आकडा घेऊन या.

जिंदाबाद!