इन्हेलर सोडून चिनी काढा घेऊ का?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, रील बघितली. चिनी वनस्पतींनी दमा जातो म्हणे. आई म्हणते, पंपाची सवय लागेल. बंद करू का?" मी लगेच लिहिलं, अजिबात नको. पण का नको, ते दोन ओळींत मावेना, म्हणून आजचा भाग.

गंमत म्हणजे ती रील पूर्ण खोटी नाहीये. चीनमध्ये मा हुआंग नावाचं झुडूप श्वासाच्या त्रासावर फार जुन्या काळापासून उकळून देतात. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. मग १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट या दोघांनी दाखवलं की ते शरीरात अॅड्रेनलिनसारखं काम करतं, आणि इंजेक्शन लागत नाही, तोंडाने घेता येतं. श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल पडतात. झालं, दम्याच्या गोळ्या आल्या!

पण एफेड्रिन फक्त फुप्फुसापाशी थांबत नाही. हृदय धडधडतं, बीपी चढतं, झोप उडते. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फाइलसाठी पूर्ण सर्व्हरचा अॅडमिन अॅक्सेस दिला. म्हणून पुढे सालब्युटामॉल आलं, जे मुख्यतः श्वासनळीवरच काम करतं. तोच तुमचा निळा पंप. आणि मा हुआंग असलेल्या सप्लिमेंट्सवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली.

आता रीलमधलं 'नवीन संशोधन'. तेव्हा न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमध्ये असलेल्या डॉ. शिऊ-मिन ली यांच्या गटाचं आश्मी नावाचं मिश्रण आहे. त्यात लिंग झी (ही खरं तर बुरशी), कु शेन आणि आपल्या ज्येष्ठमधाचा चिनी भाऊ. २००५ मध्ये चीनमधल्या ९१ रुग्णांवरची चाचणी छापून आली. अर्ध्यांना आश्मी, अर्ध्यांना स्टेरॉइडची गोळी. श्वास दोघांचा सुधारला, गोळीवाल्यांचा जरा जास्त. पण गोळीने शरीरातलं कॉर्टिसॉल घटलं, आश्मीने नाही.

भारी आहे ना? पण ९१ माणसं, चार आठवडे. याला मी बीटा म्हणेन. शिवाय तुलना गोळीशी होती, पंपाशी नाही. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. आणि ऑनलाइन पुडीत नक्की काय, किती, कोण सांगणार? जास्त ज्येष्ठमधानेसुद्धा बीपी वाढतं.

हे सगळं त्याला पाठवलं. उत्तर आलं, "पटलं दादा, पण आईला तूच सांग."

तर काकू, ऐकताय ना? पंपाचं व्यसन लागत नाही. मात्र निळा पंप सारखा सारखा लागत असेल, तर पोराला डॉक्टरकडे घेऊन जा. याच आठवड्यात.