नोंद बदलणाऱ्या हाताला लेखी मर्यादा

(शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीत संगणकाचा विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु आजचा विषय मूलतः नोंदवहीचा आहे. दाखलनोंदवहीतील एखादा ग्रंथ गहाळ झाला तर आपण त्याची ओळ खोडून टाकीत नाही. शेऱ्याच्या रकान्यात कारण व तारीख लिहितो. नोंद कशी बदलावी, याचेही एक शास्त्र आहे.

मन्नाएखेळ्ळीच्या परिसरात हे शास्त्र जमिनीच्या कागदांत दिसते. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जुने दप्तर उर्दूत, नंतरचे कन्नडात आणि अनेक घरांतील बोलणे मराठीत. एकच नाव तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी उमटते. म्हणून नावापेक्षा सर्व्हे नंबर व अर्जाचा क्रमांक अधिक विश्वासाचा. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १२९ नुसार फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांना कळविली जाते आणि हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ योजनेने सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या, तेव्हा फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच हाताळण्याची आणि अधिकाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच यंत्रणेत प्रवेश करण्याची व्यवस्था ठेवली गेली. बदल कोणी केला, हे त्यामुळे सांगता येते.

आता कार्यालयीन कामांत एक नवा मदतनीस येऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या आणि सोपविलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या या कार्यक्रमास ‘एजंट’ म्हणतात. त्याला अर्जांच्या नोंदी बदलावयाच्या असतील, तर त्यासाठी एक साधन दिले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या पद्धतीत प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा आराखडा एजंटापुढे ठेवतात. साधनाच्या पोटात काय चालते, हे त्याला दिसत नाही. लिहिलेले वर्णन हेच त्याचे ज्ञान.

‘अर्जाची नोंद अद्ययावत करते’ एवढेच वर्णन लिहिले, तर काय होईल? समजा, एजंटाने केवळ पत्ता पाठविला आणि बाकीचे रकाने सोडले. ते जसेच्या तसे राहतील की कोरे होतील? संगणकाच्या जगात हा भेद जुना आहे. संपूर्ण नोंद बदलणारी ‘पुट’ आज्ञा आधीपासून होती. अंशतः बदलासाठी ‘पॅच’ या आज्ञेचे प्रमाणक मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्णनात हा भेद स्पष्ट नसेल, तर पत्ता सुधारताना वारसाचे नाव पुसले जाईल.

दुसरी बाब ओळखीची. नोंद अर्जाच्या क्रमांकानेच शोधावी. केवळ नाव जुळले म्हणून बदल करू नये. तिसरी बाब व्याप्तीची. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले. परंतु त्यापूर्वीच्या अर्जांतील ‘गुलबर्गा’ ही चूक नव्हे. कोणत्या नोंदींना हात लावू नये, हेही लिहावे लागते. चौथी बाब पुनरावृत्तीची. उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटला आणि एजंटाने तीच आज्ञा पुन्हा दिली, तर फेरफार दोनदा चढेल काय? पाचवी बाब स्थितीची. ‘दाखल’, ‘नोटीस जारी’, ‘हरकत’, ‘प्रमाणित’ हे शब्द कोणत्या क्रमाने येतात आणि त्यांतला कोणता शब्द एजंटाने स्वतःहून लिहू नये, हे सांगितलेच पाहिजे.

मात्र केवळ वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. साधन केवळ वाचते की काही नष्टही करू शकते, हे सांगणाऱ्या खुणा या पद्धतीत आहेत; परंतु त्या सूचनाच होत, हमी नव्हे, असे तीच पद्धत बजावते. म्हणून जे कधीच घडू नये, ते साधनातच रोखावे. ‘प्रमाणित’ हा शेरा मनुष्याच्या खुणेवाचून उमटू नये आणि जुनी नोंद, नवी नोंद, वेळ व आज्ञा देणारा यांचा माग कायम राहावा.

अनुभवी कारकून शंका आली की शेजारच्या टेबलाकडे वळतो. मुदत, वाद, घराण्यातील भांडण त्याच्या कानांवर असते. एजंटाला असा शेजार नाही. शंका आल्यास थांबून विचार, असे लिहिले तरच तो थांबेल, असे धरून चालावे. पहाणीतला एक रकाना चुकला, तर शेतकऱ्याचे पीककर्ज अडते आणि पेरणीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. ती झळ वर्णन लिहिणाऱ्याला लागत नाही. म्हणूनच त्याने अधिक जपून लिहावयास हवे.

नेमके लिहिणे आणि लिहिलेले जबाबदारीने जतन करणे, हा ग्रंथालयांचा जुना वसा आहे. नव्या यंत्रांना त्याचीच गरज आहे. पुढील शतकातही हा वसा आपल्याकडून चालत राहो, अशी शुभेच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.