वास वाऱ्यावर, डास पायावर



संध्याकाळचे सात वाजलेत, व्याख्यान उघड्यावर आहे आणि पहिल्या रांगेतली मंडळी मघापासून पोटऱ्या खाजवतायत. आजच्या विषयाला याहून चांगली प्रस्तावना मला सुचली नसती.

हल्ली केळव्याच्या किनाऱ्यावर काय, बोईसरच्या गच्चीवर काय, बाहेर जेवायला बसलं की मध्ये डास पळवायला सिट्रोनेलाची मेणबत्ती येते. लिंबासारखा वास असतो, छान वाटतं. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाचं भावंड.   

सिट्रोनेलाच्या तेलात गुण नाही असं मी म्हणत नाही. डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि घामाच्या वासावरून. अंगाला चोळलेलं सिट्रोनेला त्याला काही वेळ चकवतं, पण ते लवकर उडून जातं. मेणबत्तीचं तर त्याहून अवघड. ज्योतीवरची गरम हवा वास घेऊन वर जाते आणि डास टेबलाखाली घोट्याशी असतो. २०१७ साली न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी एडिस डासांवर अशी मेणबत्ती तपासली. काहीही फरक पडला नाही. त्याच चाचणीत डीट हे डास दूर ठेवणारं रसायन असलेले फवारे मात्र उपयोगी ठरले.

आणि समुद्रावरचा वारा सुटला, तर वास गेलाच. पण तेव्हा मेणबत्ती हवी कशाला? डास उडण्यात अगदीच दुबळा. वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. वारा पडला असेल तर टेबलाखाली पायांच्या दिशेने एक पंखा लावा. दिसायला गावठी, पण काम चोख.

मागच्या पावसाळ्यात औद्योगिक वसाहतीजवळच्या एका चाळीत गेलो होतो. कठड्यावर मेणबत्ती, आणि चार पावलांवर निळं पिंप, झाकण तिरकं. टॉर्च मारला, तर पाण्याच्या पृष्ठभागाशी डोकी खाली करून लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. घरच्या मावशी म्हणाल्या, "पाणी एक दिवसाआड येतं, भरून नको ठेवायला?" बरोबरच आहे त्यांचं. पण त्या पिंपातून उडणारा एडिस डेंग्यू पसरवतो आणि चावतो मुख्यतः दिवसा. मेणबत्ती आपण लावणार अंधार पडल्यावर!

तेव्हा मेणबत्ती लावायची तर उजेडासाठी खुशाल लावा. पण आज घरी गेल्यावर आधी पिंपात टॉर्च मारून बघा. झाकण बसत नसेल तर जुनं सुती कापड ताणून बांधा. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं. आणि नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. एडिसची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटलेली असतात.