संप्रेरकाची सुई आणि रोवणीची मजुरी
(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गर्भनिरोधक फुकट मिळाले, म्हणजे त्याची किंमत कोणी मोजतच नाही असे नव्हे. २०१७ साली शासनाने ‘अंतरा’ ही सुई आणि ‘छाया’ ही गोळी सरकारी कार्यक्रमात आणली. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता.

‘अंतरा’मध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक असते. स्नायूत टोचलेली १५० मिलिग्रॅमची मात्रा तीन महिने हळूहळू रक्तात उतरते. मेंदूतून बीजकोशाला मिळणारी चेतना त्यामुळे मंदावते आणि बीज बाहेर पडत नाही. त्याबरोबरच शरीरातील इस्ट्रोजेनही घटते. म्हणून दीर्घ वापरात हाडांची घनता कमी होते. सुई थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली याबाबत ठळक इशारा छापावयास लावला.

सुरुवातीच्या महिन्यांत अनियमित रक्तस्राव होतो. वर्षभरात सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. हा आजार नव्हे. परंतु हे आधी न सांगितल्यास स्त्री घाबरते, घरात संशय उभा राहतो. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात वाकून राबणारीचा किंवा हजारी दराने विड्या वळणारीचा एक दिवस बुडाला, तर त्याची भरपाई कोणत्याही योजनेत नाही.

गोळी उद्या थांबवता येते. टोचलेली सुई काढून घेता येत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ‘छाया’ स्टेरॉइड नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची गोळी आहे. हा पर्याय समोर ठेवल्याविना घेतलेली संमती अपुरीच होय.

यापूर्वीचा अनुभव बोलका आहे. गर्भचाचणीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेच्या औषधांवर १९८२ साली बंदीचा आदेश निघाला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि बंदी प्रत्यक्षात यावयास १९८८ साल उजाडले. नेट-एन सुईच्या प्रयोगांविरुद्ध स्त्री संघटनांना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

सुईवर सरसकट बहिष्कार हा यावरचा उपाय नव्हे. अनेक स्त्रियांना ती सोयीची वाटते, आणि गर्भ केव्हा राहू द्यावयाचा हा निर्णय त्यांचाच आहे. मागणी एवढीच की, सुईपूर्वी तपासणी व मराठीत पूर्ण माहिती मिळावी, त्रास झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार मिळावेत आणि आशा कार्यकर्तीवर आकड्यांचे उद्दिष्ट लादू नये. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत प्रत्येक केंद्रावर हे विचारणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.