पंचवीस वर्षांचा ओटा



परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतून आलेले वास्तुविशारद, अभियंते, गृहसजावटकार, गवंडी, सुतार, फरशीकाम करणारे माझे सहकारी आणि गृहिणी आज या संमेलनाला जमले आहेत, आणि त्याचे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. अध्यक्षाने बांधकाम परवाने, वाळूचे भाव, काळ्या जमिनीतला पाया अशा विषयांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. ते विषय मोठेच आहेत आणि पुढच्या सत्रांत त्यांच्यावर जाणकार बोलणार आहेत. मी मात्र आज स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे. घर बांधणारे कुटुंब याच खोलीत सर्वाधिक गोंधळते आणि वास्तुशांतीनंतर सर्वाधिक हळहळतेही इथेच. कर्ज काढून, पीक विकून, नाही तर निवृत्तीच्या पैशातून बांधलेल्या घरात ओट्याकडे बघत लोक आपल्याला एकच प्रश्न विचारतात, ‘दहा वर्षांनी हे जुनाट तर दिसणार नाही ना?’

या प्रश्नाला आपण गुळमुळीत उत्तर देऊ नये. स्वयंपाकघर जुनाट दिसू लागते ते दोन कारणांनी. एक, त्यातली कायमची वस्तू त्या वर्षीची टूम पाहून निवडलेली असते. दोन, ती इथल्या उन्हाला, बोअरच्या पाण्याला आणि फोडणीला पुरी पडत नाही. ही दोन्ही कारणे टाळणे आपल्या हातात आहे.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरातले स्वयंपाकघर आठवा. चुलीला आणि वैलाला रोजचे सारवण, भिंतीत देवळी, कोपऱ्यात उतरंड, खाली पाटा-वरवंटा. त्या खोलीतली कोणतीही गोष्ट नवी राहावी म्हणून केलेली नव्हती. ती पुन्हा नीट करता यावी म्हणून केलेली होती. सारवण उडाले तर सकाळी पुन्हा हात फिरे. पाटा झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावून घेतली जाई आणि तोच दगड पुढच्या पिढीला वाटण करून देई. हा दगड आपल्याच मातीखालचा, दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची प्राचीन मंदिरे पाहा. शेकडो वर्षांचा वावर सोसूनही दगड ओशाळवाणा दिसत नाही, कारण त्याचा रंग वरून दिलेला नाही. तो आतपर्यंत तोच आहे.

पुढे स्टोव्ह आला, गॅस आला आणि आपण उभ्याने स्वयंपाक करू लागलो. जमिनीवर शहाबादी फरशी आणि ओट्यावर काळा कडप्पा ही जोडी आपल्या घरांत रुळली. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातले. 1956 पर्यंत परभणी आणि कलबुर्गी एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ही फरशी आपल्याला परकी नव्हतीच. मग भिंतीवर चार इंची पांढऱ्या टाइल्स आल्या. त्यानंतर द्राक्षांचे घड, फळांची परडी, चहाची किटली अशी चित्रे असलेल्या ‘हायलायटर’ टाइल्स आल्या. आज कोणत्याही घरात ती परडी दिसली की ओटा साधारण केव्हाचा हे आपण लगेच सांगतो. त्याच भिंतीवरची साधी पांढरी टाइल मात्र कोणत्या सालातली, हे सांगता येत नाही. यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सध्या चकचकीत करडी शटर्स आणि सोनेरी शिरांच्या मोठ्या टाइल्स जोरात आहेत. आजची सोनेरी शीर ही उद्याची फळांची परडी ठरण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे ग्राहकाला आधी सांगणे आपले कर्तव्य आहे.

आधुनिक स्वयंपाकघराचा पाया जिने घातला त्या मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारदेचे काम टिकाऊ निवडीच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी तिने सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब स्वयंपाकघर आखले. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे तिथे बसवली गेली. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यात कीड लागत नाही. कापायची फळी बीचची, कारण तिच्यावर डाग आणि सुरीचे चरे कमी उमटतात. रंग निळसर हिरवा, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. प्रत्येक पृष्ठभागामागे कारण होते, म्हणून शंभर वर्षांनीही जगभरची संग्रहालये ते स्वयंपाकघर जपतात. आपली कारणे वेगळी असतील, पण कारण असलेच पाहिजे.

आपली कारणे कोणती? परभणीचा उन्हाळा 44 अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्या चढउतारात चिकटवलेल्या प्रत्येक थराची परीक्षा होते. पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेली शटर्स शेगडीजवळ आणखी तापतात आणि कडेने सुटतात. दुसरे कारण पाणी. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे क्षार मागे ठेवते. काळ्या, आरशासारख्या चकचकीत ओट्यावर आणि काळ्या नळावर ते सगळ्यात जास्त उठून दिसतात. मध्यम छटेचा, बारीक दाण्याचा ग्रॅनाइट तेच डाग सहज पोटात घालतो. तिसरे कारण फोडणी. तेलाची वाफ आणि हळद भिंतीवर बसणारच. टाइल चांगली असली तरी तिच्या सांध्यांतला पांढरा सिमेंटचा ग्राउट पिवळा पडतो आणि सबंध भिंत मळकी दिसते. शेगडीमागे एपॉक्सी ग्राउट, तोही टाइलच्याच छटेचा किंवा फिकट करडा वापरला, तर हा त्रास बराच टळतो.

ओट्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, ताक सांडले की आम्ल त्यांना खाते आणि झिलई जाते. संगमरवराचीही तीच गत. ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, त्याला स्वयंपाकातले आम्ल काही करत नाही आणि गरम पातेलेही तो सोसतो. कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ दिसतो सुंदर, पण त्यात दगडाच्या चुऱ्याला राळेने बांधलेले असते. तापलेली कढई थेट टेकवली तर राळेवर डाग राहतो. ज्या घरात भाकरीचा तवा रोज उतरून बाजूला ठेवला जातो, तिथे हे आधी सांगायला हवे. म्हणून माझी शिफारस साध्या, देशी ग्रॅनाइटचीच आहे, तोही साध्या गोल कडेचा, नक्षीदार मोल्डिंग न केलेला. ज्यांना कडप्पाच परवडतो त्यांनी त्याची लाज बाळगू नये. मंद घासलेला कडप्पा झिजतानाही प्रामाणिक दिसतो.

लाकूडकामात टिकाऊपणा दिसत नाही, तो आत असतो. सिंकखाली आणि माठाशेजारी आयएस 710 मानकाचा प्लाय, इतरत्र निदान आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचा, कडा चारही बाजूंनी बंद. ट्रॉल्यांना 304 प्रतीचे पोलाद, ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते आणि म्हणून ते ओलाव्यात गंजाला दाद देत नाही. वर मॅट लॅमिनेट, एकाच शांत रंगाचे. बिजागरी सैल पडून दार खाली लोंबले की महागडा रंगही केविलवाणा दिसतो. ज्या घराचे बजेट बेताचे आहे, तिथे पैसे आधी सांगाड्यात आणि बिजागरीत घाला, चकाकीत नंतर.

या सगळ्यातून मी एकच नियम काढतो. जी वस्तू बदलायला छिन्नी-हातोडा लागतो ती शांत असावी, आणि जी वस्तू पेचकस किंवा ब्रशने बदलते तिथे मनाची हौस पुरवावी. ओटा, फरशी, भिंतीच्या टाइल्स आणि सिंक ही पहिली यादी. मुठी, दिवे, भिंतीचा रंग, पडदा, मांडणीवरची पितळी भांडी ही दुसरी. घरातल्या सुनेला गडद हिरवा आवडतो? जरूर द्या, पण भिंतीला द्या, टाइलला नको. हौस मारायला कुणी सांगत नाही. हौसेला परवडणारी जागा दाखवणे हे आपले काम आहे.

सहकाऱ्यांनो, आपल्या व्यवसायाकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, नमुना दुकानाच्या दिव्याखाली पसंत करून घेऊ नका. त्याच घराच्या उजेडात तो आठवडाभर ठेवा. त्याच्यावर हळद-तेल, लिंबू आणि त्याच बोअरचे पाणी टाकून वाळू द्या आणि मग निवड करा. दुसरी, निवडलेल्या प्रत्येक वस्तूची प्रत, जाडी आणि छटा लिहून घरमालकाच्या हाती द्या, आणि दोन-चार टाइल्स, लॅमिनेटचा एक तुकडा जपून ठेवायला सांगा. दहा वर्षांनी एक टाइल फुटली आणि जुळणारी मिळाली नाही, की सगळी भिंत उखडली जाते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निर्णयाच्या बैठकीत रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती हजर नसेल तर बैठक पुढे ढकला. अजूनही अनेक घरांत ओट्याचा रंग पुरुष मंडळी दुकानात ठरवून येतात आणि तो पुसण्यात आयुष्य दुसऱ्या कुणाचे जाते. हा अन्याय थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, कारण नकाशा आपल्या हातात असतो.

आपण बांधलेल्या ओट्यापाशी एखादी मुलगी भाकरी थापायला शिकेल आणि पंचवीस वर्षांनी तिथेच तिच्या मुलीला शिकवेल, एवढे टिकाऊ काम करण्याचे ज्ञान या सभागृहात आज एकत्र बसले आहे. या संमेलनाने मी मागितलेल्या तीन गोष्टींचा ठराव करावा आणि पुढच्या वर्षी प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या एका पूर्ण झालेल्या कामाचा हिशेब इथे मांडावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने करतो.