घरच्या संगणकाचा पहारेकरी

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी इतिहासावर किंवा साहित्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ लाभले असते. तरीही कार्यकारिणीने मला घरच्या संगणकाचे हेरांपासून रक्षण कसे करावे, या रूक्ष विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी या शास्त्रातला तज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा साधा पदवीधर आहे. परंतु घरातच एक प्रसंग असा घडला की, मला हा विषय मुळापासून समजावून घेणे भाग पडले. तोच प्रसंग प्रथम सांगतो.

माझी आत्या तात्यापाऱ्यातील जुन्या घरात एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी पुण्याला, नातू जर्मनीत. नातवाने मागे ठेवलेला जुना संगणक हाच तिचा त्या दोघांशी असलेला दुवा. रविवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती संगणकासमोर बसे आणि पडद्यावर नातवाचे मुख दिसे. पेन्शनच्या खात्याचा हिशेबही ती त्याच यंत्रावर पाही. गेल्या पावसाळ्यात तो संगणक इतका मंदावला की, सुरू होण्यासच दहा-बारा मिनिटे लागू लागली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने, “माँजी, एक और डाल देता हूँ,” असे म्हणून आधीच्या अँटिव्हायरसवर दुसरा अँटिव्हायरस चढविला. यंत्र अधिकच मंदावले. मग एके दिवशी पडद्यावर लाल पाटी झळकली, ‘तुमच्या संगणकात ४७ व्हायरस सापडले आहेत.’ घाबरून आत्याने त्या पाटीवरील बटण दाबले, आणि तिसरा पहारेकरी घरात शिरला. तो पहारेकरी नव्हताच. तो हेर होता.

मी गेलो तेव्हा ब्राउझरचे पहिले पान बदललेले होते आणि जाहिरातींचा पूर आलेला होता. तिच्या बँकेचा पासवर्ड मी तत्काळ माझ्या फोनवरून बदलला. त्याच संगणकावरून बदलला असता, तर नवा पासवर्डही हेराच्या हाती आयता पडण्याचा धोका होता. पासबुक तपासले. पैसे सुदैवाने शाबूत होते. गेला होता तो तिचा धीर. “मला नको आता ते यंत्र,” म्हणून तिने त्यावर कापड घातले, आणि पुढचे दोन रविवार त्या घरात नातवाचा आवाज उमटला नाही. मुलूख सोडून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत हे नुकसान पैशाहून लहान मानता येईल, असे मला वाटत नाही.

आता हेर म्हणजे काय ते पाहू. ज्यास स्पायवेअर म्हणतात, ते सॉफ्टवेअर संगणक बंद पाडण्यासाठी येत नाही; तो चालू राहावा हीच त्याची इच्छा असते. कीबोर्डवरील प्रत्येक अक्षर टिपणे, ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड उचलणे, आपण काय पाहतो याची नोंद ठेवून ती बाहेर धाडणे, ही त्याची कामे. तो बहुधा फुकटच्या गाण्यांबरोबर, चोरून वापरलेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर, अथवा आत्याला दिसली तशा लाल पाटीमागून येतो. बहुतेक वेळा आपणच दार उघडतो.

त्याला अडविणारे सॉफ्टवेअर दोन प्रकारांनी काम करते. एक प्रकार अखंड पहाऱ्याचा. आपण कोणतीही फाइल उघडली की पहारेकरी ती आधी तपासतो. ओळखीच्या गुन्हेगारांच्या यादीशी ताडून पाहतो आणि तिचे वर्तनही न्याहाळतो. दुसरा प्रकार बोलावल्यावर येणाऱ्या तपासनिसाचा. तो येतो, झडती घेतो आणि निघून जातो. एरवी यंत्रावर त्याचा भार जवळजवळ नसतो. अखंड पहाऱ्याला मात्र मेमरी लागते आणि डिस्कची सतत उघडझाप होते. असे दोन पहारेकरी एकाच दारावर बसविले म्हणजे प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते, शिवाय ते एकमेकांच्या कामावरही संशय घेऊ लागतात. आत्याच्या संगणकाचा श्वास कोंडला तो यामुळेच. तात्पर्य, अखंड पहारेकरी एकच असावा.

तो कोणता, हा पुढचा प्रश्न. ज्यांच्याकडे विंडोज आहे, त्यांच्या घरात तो आधीच बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरात जायंट नावाची एक लहान कंपनी विकत घेतली. तिचे हेरविरोधी सॉफ्टवेअर हेच पुढे विंडोज डिफेंडर झाले, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून व्हायरस रोखण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्याला वेगळी वर्गणी नाही. दुसरा अँटिव्हायरस बसविला की तो बहुधा आपण होऊन बाजूला सरतो. म्हणून मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस नुसता पडू देऊ नये, रीतसर काढून टाकावा. आत्याकडचे तिन्ही पाहुणे काढल्यावर डिफेंडर पुन्हा जागा झाला. त्याच्यातच ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. तीत विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच झडती होते, त्यामुळे हेराला लपण्यास फारसा वाव राहत नाही. नको असलेली आगंतुक सॉफ्टवेअर अडविण्याची वेगळी कळही त्यात आहे. ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

दुसरे मत हवे असेल तर बोलावता येणारा तपासनीस घ्यावा. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती अशी आहे. प्रारंभी ती काही दिवस सशुल्क आवृत्तीची चव देते. ती मुदत संपली की आपण सांगू तेव्हाच तपासते. त्याच कंपनीचे ॲडडब्ल्यूक्लीनर तर बसवावेही लागत नाही; जाहिराती घुसविणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते विशेष उपयोगी पडते. आपल्या सरकारनेही २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू करून नागरिकांसाठी मोफत साधने उपलब्ध केली.

येथे कोणी विचारील की, आपल्या पुण्याचे क्विक हील का नको? प्रश्न रास्त आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या काटकर बंधूंची ही कंपनी. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकटे संजय काटकर यांनी सॉफ्टवेअर लिहिले, आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले. याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसास वाटावा. तथापि अभिमान हे निवडीचे माप नव्हे. माप वेगळे आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था अशा सॉफ्टवेअरची परीक्षा घेते आणि संरक्षण, यंत्रावरील भार व वापरातील सुलभता या तीन विषयांत प्रत्येकी ६ पैकी गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्जही भाराची स्वतंत्र चाचणी घेते. पैसे देऊन काही घ्यावयाचे असेल, तर ते देशी असो वा विदेशी, त्याचे ताजे गुण पाहूनच घ्यावे. जुन्या यंत्रासाठी भाराचा रकाना आधी वाचावा.

फुकट मिळणाऱ्या पहारेकऱ्याचीही चौकशी करावी. प्राग येथील अवास्ट या नामांकित कंपनीची जम्पशॉट नावाची शाखा होती. अवास्टचे ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात, ही माहिती तिच्यामार्फत विकली जात होती. ते २०२० च्या जानेवारीत उघडकीस आले आणि शाखा बंद झाली. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. हेरांपासून राखण्यासाठी ठेवलेल्या राखणदारानेच घरातील गोष्टी बाजारात सांगाव्या, याहून मोठा धडा कोणता?

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. यंत्र मंद असण्याचा दोष पुष्कळदा पहारेकऱ्याचा नसून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. आत्याच्या संगणकात ती बदलून एसएसडी घातली, तेव्हा तोच संगणक मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला. दुसरी गोष्ट अशी की, विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. भिंतच पडकी असेल तर पहारेकरी किती पुरा पडणार? अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी पैसे अडविले जाण्याची आशा कमी.

बंधुभगिनींनो, या साऱ्या खटाटोपानंतर मला उमगले ते एवढेच. सर्वांत हलका आणि सर्वांत भरवशाचा पहारा म्हणजे घाईने बटण न दाबणारा हात. तो विकत मिळत नाही. जवळ बसून शिकवावा लागतो. आत्याला मी कागदावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहून दिले, ‘लाल पाटी दिसली तर काही दाबू नये, मला फोन करावा.’ तो कागद तिने संगणकाशेजारच्या भिंतीवर लावला आहे. आजवर दोनदा तिचा फोन आला, आणि दोन्ही वेळा पाटी खोटीच निघाली.

आपल्या मंडळात संगणक जाणणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत, आणि मुले परगावी असलेली वडीलधारी मंडळीही पुष्कळ आहेत. महिन्यातला एक रविवार या दोघांनी याच सभागृहात शेजारी बसावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. परक्या मुलखात एकमेकांचा आधार व्हावा, म्हणूनच आपल्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले. आधाराची रीत काळानुसार बदलते, गरज तीच राहते.

आत्याने यंत्रावरचे कापड काढले आहे. या रविवारी दिवा लावून झाल्यावर ती नातवाशी बोलणार आहे.