थरथरत्या हाताची शिकवण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी या वर्षी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी मॅट्रिक झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. सातारा जिल्ह्यातील लहानमोठ्या गावांच्या शाळांतून मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात माझी उमेद गेली. विद्वत्तेचे भांडवल मजपाशी नाही. शिवाय माझा आवाज आता क्षीण झाला आहे आणि हात थरथरतो. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, त्या हाताविषयीच बोला." त्यांच्या त्या शब्दांमुळे आज मी तुमच्यापुढे उभा आहे. माझे अक्षर आता माझे मलाच लागत नाही. म्हणून हे भाषण मी तोंडाने सांगितले आणि आमच्या सूनबाईंनी ते लिहून घेतले. मागील रांगेतील मंडळींनी कृपा करून थोडे पुढे येऊन बसावे.

मला जो विकार आहे त्याला आपले वैद्य कंपवात म्हणतात आणि डॉक्टर मंडळी पार्किन्सन्सचा रोग म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनमधील एका डॉक्टराने १८१७ साली या विकाराच्या सहा रुग्णांची हकिकत एका निबंधात लिहिली. त्यांतील काही जण तर त्याला रस्त्याने जातायेताना दिसलेले होते. पुढे शार्को या फ्रेंच वैद्याने या रोगाला त्याचे नाव दिले. आपल्या मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्या द्रव्याच्या योगाने आपल्या हालचाली सुरळीत चालतात. त्या पेशी एकेक करून नष्ट होऊ लागल्या, म्हणजे हात कापू लागतो, अंग ताठते, चाल मंदावते. विशेष असे की, हाताचा कंप दिसू लागेपर्यंत त्यांतील बराच मोठा भाग गेलेला असतो. वास घेण्याची शक्ती तर पुष्कळदा कित्येक वर्षे आधीच मंद होते. घरात लोणी कढत असता मला त्याचा गंध येत नाही, हे आमच्या सौ.च्या ध्यानात फार पूर्वी आले होते. पण नाकाचा आणि हाताचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात यावे?

२०१५ साली मी सेवानिवृत्त झालो. त्याच्या आदल्या वर्षी एक विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही काय शेरा लिहिलाय, ते माझ्या आईला वाचता येत नाही." मी पाहिले, तो आरंभी टपोरे असलेले माझे अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे झाले होते. ज्याने सदतीस वर्षे मुलांना वळणदार अक्षराचा आग्रह धरला, त्याच्याच हाताने त्याला दगा दिला. पुढे खांदा आखडला. एका डॉक्टरांनी तो सांध्याचा विकार ठरवून वर्षभर शेक व मालीश चालविले. अखेर २०१७ साली पुण्यास मेंदूच्या विकारांचे तज्ज्ञ गाठले. त्यांनी मला खोलीत चालावयास लावले, बोटे मिटावयास व उघडावयास सांगितली आणि रोगाचे नाव सांगितले.

औषध आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ सालच्या सुमारास डोपामिनचे मेंदूतील कार्य उजेडात आणले आणि त्या संशोधनाबद्दल त्याला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच पुढे लेव्होडोपा हे औषध रुग्णांच्या हाती आले. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही हे द्रव्य निसर्गतः असते. तथापि कोणी सांगितले म्हणून त्या बिया आपल्या मनाने खाऊ नयेत. मात्रा चुकली तर अपाय होतो. ही गोळी रोग नाहीसा करीत नाही; ती काही तास हालचाल परत देते. गोळीचा अंमल असतो तोवर मी माणसांत असतो आणि तो ओसरला की अंगात जणू शिसे ओतल्यासारखे होते. हा झाला शरीराचा भाग. मनाचा भाग याहून कठीण आहे आणि तोच सांगण्यासाठी मी आज उभा राहिलो आहे.

रोगाचे नाव कळल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हात खिशात घातला. देवळात गेलो तरी हात उपरण्याखाली, लग्नकार्यात गेलो तरी हात पाठीमागे. २०१८ साली धाकट्या मुलीसाठी आपल्याच ज्ञातीतील एक स्थळ आले. पाहुणे घरी आले. मी सौ.ला बजावून ठेवले होते की, माझ्या हाती कपबशी देऊ नकोस. परंतु येणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीच आदराने कप माझ्यापुढे केला. नाही कसे म्हणावे? मी तो घेतला. बशी खडखडू लागली आणि चहा माझ्या शुभ्र धोतरावर सांडला. पाहुणे काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी निरोप आला की, पत्रिका जुळत नाही. मागाहून कळले की, "घराण्यात कंपवात आहे" अशी चर्चा झाली होती. त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी ते लपविल्यामुळे सांगणारे कोणीच नव्हते. वस्तुतः या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या घराण्यात दुसरा रुग्ण आढळत नाही आणि हा रोग स्पर्शाने तर मुळीच होत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या हाताने माझ्या मुलीचे नशीब सांडले, असे मनात घोळत राहिले. याहून काळे विचारही आले, ते येथे उच्चारीत नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, मनाची ही उदासीही पुष्कळदा या रोगाचाच एक भाग असते आणि तिच्यावरही उपचार असतात. हे आधी कळले असते, तर मी स्वतःला इतका दुबळा समजलो नसतो.

मुलगी मात्र माझ्याहून धीराची निघाली. ती म्हणाली, "बाबा, माझ्या परिचयपत्रात तुमच्या आजाराचे नाव मीच लिहिते. ज्यांना चालेल तेच येतील. मग तुम्हांला हात खिशात घालावा लागणार नाही." तिने तसे लिहिले. पुढील वर्षी एक स्थळ आले. मुलाच्या आईने येताच माझा हात आपल्या हातात घेतला आणि विचारले, "गुरुजी, औषध वेळेवर घेता ना?" ती आज माझी विहीणबाई आहे आणि येथे समोरच बसली आहे.

ज्ञातीतील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी मला एकदा विचारले, "मास्तर, तुम्ही तर निर्व्यसनी. मग हे कोणत्या जन्मीचे पाप?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मीही प्रारब्ध मानणारा माणूस आहे. परंतु मला असे वाटते की, प्रारब्ध हा शब्द फार तर स्वतःच्या दुःखाला लावावा, दुसऱ्याच्या दुःखाला लावू नये. स्वतःला लावला तर त्यातून सोसण्याचे बळ मिळते. दुसऱ्याला लावला तर तो आरोप होतो. मेंदूतील पेशी पापपुण्य पाहून मरत नाहीत.

मग या दुखण्यात परमार्थ काही आहे की नाही? आहे. पण तो मला पोथीत सापडला नाही, घरात सापडला.

सदऱ्याची बटणे मला लावता येईनाशी झाली. सौ. लावू लागली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "मी काय लहान मूल आहे?" ती शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षे तुमचा डबा भरला, तेव्हा तुम्हांला लाज वाटली नाही. मग बटणाचीच कशी वाटते?" मजपाशी उत्तर नव्हते. मी आयुष्यभर देणारा होतो. विद्या दिली, वर्गणी दिली, कोणाच्या अडचणीला चार पैसेही दिले. देताना हात वर असतो आणि घेताना खाली असतो. तो खाली धरण्याचा मला सराव नव्हता. अहंकार सोडा, असे कीर्तनातून पुष्कळ ऐकले होते. पण माझा अहंकार त्या चार बटणांत दडलेला होता. तो तेथून काढण्यास रोगच यावा लागला.

दुसरी गोष्ट. उंबऱ्यापाशी आले की माझे पाय जमिनीला खिळतात. मन पुढे जाते, पाय जात नाहीत. अशा वेळी कोणी ओढले तर मी पडतो. माझी सात वर्षांची नात हे रोज पाहात होती. डॉक्टरांनी सांगितले होते की, जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर पाऊल उचलणे सोपे जाते. एके दिवशी तिने माझ्याच जुन्या पेटीतील खडू काढला आणि उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पांढऱ्या रेघा आखल्या. म्हणाली, "आजोबा, एकेका रेघेवरून पाय टाका. एक, दोन, एक, दोन!" मी शाळेत मुलांकडून कवायत करून घेत असे, त्याच सुरात ती मला आज्ञा देत होती. मी उंबरा ओलांडला. ज्या खडूने मी इतरांना शिकविले, त्याच खडूने माझ्या नातीने मला चालावयास शिकविले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण चेहरा तसाच कोरा राहिला, कारण या रोगात चेहऱ्याचे स्नायूही ताठतात. ती घाबरून म्हणाली, "आजोबा, रागावलात का?" मी सांगितले, "नाही ग बाळ, मी आत हसतो आहे." तेव्हापासून ती माझ्याकडे पाहून विचारते, "आत हसताय ना?"

तिसरी गोष्ट माझ्या हातानेच मला शिकविली. या रोगाचा कंप स्वस्थ असताना अधिक असतो. हात मांडीवर रिकामा ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरू लागतात. देवळातील एका आजीबाईंना वाटले की, गुरुजी अखंड माळ ओढीत आहेत. पण तोच हात काही उचलण्यास पुढे केला की बहुधा थरथर कमी होते. म्हणून मी त्या हाताला काम देतो. गल्लीतील दोन मुलांना पाढे शिकवितो, शेंगा सोलतो, आणि हात अगदीच रिकामा असला तर त्या फिरणाऱ्या बोटांबरोबर नामस्मरण करतो. आजीबाईंचा गैरसमज मी अशा रीतीने खरा करून टाकला आहे.

हे ऐकून कोणी असे समजू नये की, मी रोगावर विजय मिळविला. रोग वाढतोच आहे. कित्येक रात्री कूस बदलण्यासाठीही सौ.ला उठवावे लागते आणि तेव्हा मन खट्टू होते. परंतु लपविण्याचे ओझे आता उरलेले नाही आणि ते ओझे रोगाहून जड होते, एवढे मी अनुभवाने सांगतो.

आता संस्थेला माझी नम्र विनंती आहे. आपल्या वधुवर सूचक मंडळाने अशा आजारांची माहिती उघडपणे सांगण्यास उत्तेजन द्यावे आणि सांगणाऱ्याचा मान राखावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र आणते. त्या धर्तीवर आपल्या सभागृहातही महिन्यातून एकदा अशा घरांना जमता यावे. आणि प्रत्येकाने घरी एवढे लक्षात ठेवावे: रुग्ण हळू बोलला तर त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याचे पाय खिळले तर त्याला ओढू नये. त्याचा चेहरा कोरा दिसला तर त्याला गर्विष्ठ समजू नये. आणि त्याची सेवा करणाऱ्या माउलीलाही कधी विचारावे, "बाई, तुम्ही झोपलात का?"

येथे जमलेल्यांपैकी कोणाचा हात आज खिशात असेल, तर त्याने तो बाहेर काढावा. भाषण संपल्यावर मी दाराशी उभा राहीन. त्याने माझ्याशी हस्तांदोलन करावे. दोन थरथरते हात एकत्र आले, तर कोणाचा कोणता थरथरतो, हे पाहणाऱ्याला कळणारही नाही.